रावेरखेडीहून श्रीवर्धनला

आमच्या घरात कुठलंही कार्य निघालं की पहिली सुपारी हरिहरेश्वराच्या नावानं वेगळी काढतात. या घरात सून म्हणून आल्यापासून आई पन्नास वर्षं ती काढत आली. पण तिनं हरिहरेश्वर पाहिला नव्हता, समुद्रही पाहिला नव्हता. इंदूरच्या लोकमान्य नगरात आम्ही सगळे ‘मूळचे कोकणातले’, आणि त्यातल्या निम्म्यांची गत हीच. यंदा एप्रिलच्या शेवटी लेकीच्या परीक्षा संपल्या आणि आईला हरिहरेश्वर दाखवायला मी गाडी काढली. आई, लेक आणि मी.

सरळ एबी रोडनं, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यानं, गेलो असतो तर धुळ्याला लवकर पोचलो असतो. पण मला आधी रावेरखेडीला जायचं होतं. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचावर आहे. सिमरोल सोडलं की माळवा संपायला लागतो आणि भेरूघाटातून रस्ता निमाडात उतरतो. उतरताना हवा थंड होईल असं लेकीला वाटत होतं, झालं उलटंच. मोरटक्क्याला नर्मदा ओलांडली तेव्हा गाडीतला काटा 42 अंश दाखवत होता. दोन्ही बाजूंना कापसाची रिकामी शेतं, भेगाळलेली काळी जमीन. सनावदला उसाचा रस प्यायलो आणि बेडियावरून आत वळलो.

थोरले बाजीराव 28 एप्रिल 1740 ला इथे, रावेरखेडीला वारले. निजामाचा मुलगा नासिरजंग याच्याशी झालेल्या तहात मिळालेल्या खरगोण-हंडियाच्या जहागिरीचा ताबा घ्यायला आले होते, तापानं गेले. वय 39. हे सगळं शाळेत पाठ केलेलं होतं, पण त्याच महिन्यात, त्याच उन्हात समाधीच्या आवारातल्या दगडावर अनवाणी पाय ठेवला तेव्हा ती तारीख पहिल्यांदा अंगाला लागली. लेक दोन पावलं टाकून सावलीत पळाली. आई मात्र पदर डोक्यावर घेऊन समाधीपाशी उभी राहिली. खाली नर्मदा संथ होती, काठाला म्हशी डुंबत होत्या. आई एवढंच म्हणाली, “घरापासून किती लांब रे हे.”

तेव्हाच ठरवलं की जाताना त्यांच्या जन्मगावी, डुबेऱ्यालाही थांबायचं.

खरगोणवरून जुलवानियाला पुन्हा एबी रोड धरला. सेंधव्यापुढे बिजासन घाटात देवीला गाडीतूनच हात जोडले, सातपुडा उतरलो आणि पाट्या मराठीत दिसू लागल्या. माझ्या लेकीचं मराठी घरात ऐकून आलेलं. दुकानांवर, ट्रकांवर, शाळांच्या भिंतींवर आपली भाषा बघून ती प्रत्येक पाटी मोठ्यानं वाचत होती, थेट शिरपूरपर्यंत. मी तिला थांबवलं नाही.

मुक्काम धुळ्याला. दुसऱ्या दिवशी मालेगाव मागे टाकलं, चांदवडला होळकरांचा रंगमहाल पाहिला (इंदूरच्या माणसानं तो न बघता पुढे जाऊच नये) आणि नाशिक ओलांडून सिन्नरजवळच्या डुबेऱ्याला गेलो. बाजीरावांच्या आई राधाबाई बर्व्यांच्या घरातल्या. त्यांच्या माहेरच्या या वाड्यात 18 ऑगस्ट 1700 ला बाजीरावांचा जन्म झाला. काल जिथे मृत्यू पाहिला, त्याचं आज जन्मस्थान. वाडा बाहेरूनच पाहिला, पण भिंतींची ती उंची पाहून आई बराच वेळ मान वर करून उभी होती. रात्री पुणं.

तिसरा दिवस खरा. मुळशीचं पाणी उजवीकडे ठेवून ताम्हिणी उतरलो. वर गवत वाळून पिवळं झालेलं, दरीत मात्र रान हिरवं. एका वळणावर बायका पानांच्या द्रोणात करवंदं विकत होत्या. लेकीचे ओठ जांभळे झाले. निजामपूर गेलं आणि हवा बदलली. आमच्या इंदूरचं ऊन कोरडं असतं, धुणं तासाभरात कडक वाळतं. इथे हात स्टिअरिंगला चिकटू लागले, आईच्या चष्म्यावर वाफ धरली. माणगाव, म्हसळा, आणि मग काळ्या मातीच्या जागी तांबडी माती, जांभ्याच्या गडग्यांमागे नारळी-पोफळी.

श्रीवर्धन हे पेशव्यांच्या भट घराण्याचं मूळ गाव. 1713 ला पेशवेपद मिळालेले बाजीरावांचे वडील बाळाजी विश्वनाथ इथलेच. पण आईचं लक्ष सुपारीकडे होतं. आम्ही उतरलो त्या घरातल्या काकू ओटीवर बसून असोली सुपारी सोलत होत्या. वाळलेलं साल काढून गोटा बाजूला टाकायच्या, हात कुठे थांबत नव्हता. त्यांनी एक गोटा अडकित्त्यानं मधोमध कातरून दाखवला. आत पांढरा भाग भरपूर, तपकिरी रेषा बारीक. हा श्रीवर्धनी रोठा. “3 जून 2020 च्या वादळात बाग आडवी झाली,” त्या म्हणाल्या. “नव्या पोफळींना आत्ता कुठे फळ धरायला लागलंय.” पोफळ लावल्यावर पाच-सहा वर्षं वाट बघावी लागते, हे मला तेव्हा कळलं.

“गाव कुठलं तुमचं?” काकूंनी विचारलं.

“इंदूर,” आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, “आणि हे.”

सकाळी हरिहरेश्वर. इथली रीत अशी की आधी काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वराचं, आणि पुन्हा काळभैरवाचं. काकूंकडून घेतलेल्या अकरा सुपाऱ्यांतली एक आईनं पदराच्या गाठीत बांधून आणली होती. ती सोडून देवापुढे ठेवताना तिचा हात थरथरत होता. गुरुजींनी सांगितलं, ओहोटी आहे, प्रदक्षिणा आत्ताच करून घ्या, भरती लागली की वाट बंद.

पायऱ्या उतरून खडकांवर आलो. लाटांनी कोरून त्यांची जाळी झालेली. लेकीनं आजीचा हात धरला होता. एक लाट खडकावर फुटली, दोघी भिजल्या. आईनं ओठांवरून जीभ फिरवली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “खरंच खारट आहे रे.”