औंध : एका लहानशा राजधानीतला दिवस

साताऱ्याहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल अशी ठिकाणे कोणी विचारली, तर कास, ठोसेघर, वाई, सज्जनगड ही नावे जिभेवरच असतात. औंधचे नाव आठवून सांगावे लागते आणि ते सांगितल्यावरही ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा पुण्यातले औंध उभे राहते. खटाव तालुक्यातले हे गाव १९४८ पर्यंत एका संस्थानाची राजधानी होते. आज तेथे एसटीचा थांबा, बाजारपेठ, शाळा आणि टेकडीवरची देवी एवढेच दिसते, असे वाटून अनेक जण ओटी भरून तासाभरात परततात. माघात आत्याला यमाईच्या दर्शनाला जायचे होते, म्हणून आम्ही दोघे निघालो. आत्याचे गुडघे दुखत असल्यामुळे घाई करणे शक्यच नव्हते, आणि औंध पाहण्याची योग्य गती तीच आहे असे माझे आता ठाम मत झाले आहे.

साताऱ्याहून कोरेगाव आणि रहिमतपूरमार्गे औंध चाळीसेक किलोमीटरांवर आहे. औंधच्या घराण्याची ओळख वाटेतच सुरू होते, ती अशी की कृष्णेवरच्या पुलापाशी संगम माहुलीला जे विश्वेश्वराचे देखणे देऊळ आहे, ते श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधले, आणि पुढे कोरेगाव तालुक्यातले किन्हई हे या घराण्याचे मूळ गाव. घेवडा आणि आल्यासाठी नावाजलेला कोरेगावचा पट्टा मागे पडला की रहिमतपुरानंतर शिवाराचा रंग हळूहळू बदलू लागतो. ऊस विरळ होतो, जमीन उघडी पडते आणि दोन्ही बाजूंना काढणीला आलेली शाळूची पिके दिसतात. खटाव हा पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसलेला तालुका आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढचे सारे पाहावे, कारण या कोरड्या मुलखाच्या तुटपुंज्या महसुलातून तेथे काय काय उभे राहिले, हाच औंधचा खरा नवलाचा भाग आहे.

देवीची टेकडी गावाला लागूनच आहे. पायथ्यापासून पायऱ्यांची जुनी वाट आहे आणि गाडीरस्ताही बराच वरपर्यंत जातो, त्यामुळे आत्याला शेवटच्या पायऱ्याच तेवढ्या चढाव्या लागल्या. तटबंदीच्या आतले देऊळ लहान आणि भक्कम आहे. काळ्या पाषाणातली, मांडी घालून बसलेली यमाईची मूर्ती मात्र गाभारा भरून टाकणारी आहे. जोतिबाने औंधासुराचा वध केला तेव्हा ही देवी त्याच्या साहाय्याला होती, अशी कथा आहे. जोतिबाच्या डोंगरावर चैत्रातली पालखी तिथल्या यमाईच्या भेटीला जाते, हे अनेकांना ठाऊक असते, पण तिचे मूळ ठाणे हे आहे. पौषातल्या यात्रेची गर्दी ओसरून गेलेली होती, त्यामुळे आत्याने खण-नारळाची ओटी सावकाश भरली, पुजाऱ्यांशी कुळाचाराची बारीकसारीक चौकशी केली आणि मग तटाच्या सावलीत बसून चांगला अर्धा तास वारा खाल्ला. तेथून खाली पाहिले की गावाचा आकार हातात मावेल एवढा वाटतो. राजवाडा, त्याच्या शेजारचे गावातले यमाईचे देऊळ आणि त्यापुढची उंच दीपमाळ एका दृष्टिक्षेपात येतात.

टेकडीच्या निम्म्यावर श्रीभवानी चित्रपदार्थसंग्रहालय आहे, आणि आमचा निम्मा दिवस तेथेच गेला. औंधचे राजे भवानराव श्रीनिवासराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आयुष्यभर जमवलेला संग्रह येथे १९३८ साली लोकांसाठी खुला झाला. ज्याला राजेरजवाड्यांच्या संग्रहालयांची सवय आहे, तो आत शिरताना तलवारी, झुंबरे आणि शिकारीतल्या वाघांची मुंडकी यांच्या तयारीने शिरतो. येथे तसे होत नाही, कारण हा संग्रह वैभव दाखवण्यासाठी जमवलेला नसून चित्रे आवडणाऱ्या, स्वतः चित्रे काढणाऱ्या माणसाने जमवलेला आहे. राजा रविवर्मा यांची मूळ तैलचित्रे आहेत, धुरंधरांची आहेत, बाबूराव पेंटर यांचे काम आहे, बंगालच्या चित्रशैलीचे नमुने आहेत, पहाडी लघुचित्रे आहेत, पाश्चात्त्य चित्र-शिल्पांच्या प्रतिकृती आहेत, हस्तिदंतावरचे आणि चंदनावरचे कोरीवकाम आहे. रविवर्म्यांच्या चित्रांच्या छापील प्रती आपण सर्वांनी घरोघरी, दुकानांत, दिनदर्शिकांवर इतक्या पाहिलेल्या असतात की मूळ चित्रापुढे उभे राहेपर्यंत त्यांतला खरा रंग आपण कधी पाहिलेलाच नाही, हे लक्षात येत नाही. जरीच्या काठावर पडलेला उजेड, कानातल्या मोत्याची चमक, त्वचेखालून जाणवणारी ऊब, यांतले काहीच छपाईत उतरत नाही. आत्या चित्रकलेबद्दल कधी बोलत नाही. पण एका चित्रासमोर ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, “अरे, ही तर आत्ताच नऊवारी नेसून बसल्यासारखी दिसते.” मला वाटते, समीक्षकाने दोन परिच्छेद खर्चून जे सांगितले असते, ते तिने त्या एका वाक्यात सांगितले.

या दालनांतून हिंडत असताना एका ठिकाणी हेन्री मूर यांचे आई आणि मुलाचे दगडी शिल्प समोर येते. विसाव्या शतकातल्या या थोर इंग्रज शिल्पकाराची कामे जगभरच्या मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांत आहेत, आणि त्याच माणसाचे हे लहानसे शिल्प खटाव तालुक्यातल्या एका टेकडीवर, शाळूच्या शिवारांकडे तोंड करून बसलेल्या इमारतीत आहे. त्याच्याभोवती कसलाही गाजावाजा नाही. आम्ही गेलो तेव्हा शाळेची सहल आलेली होती आणि मुले त्या शिल्पाला वळसा घालून पुढच्या दालनाकडे धावत होती. गुरुजी रांग लावण्यात गुंतलेले होते. कोणीतरी त्या मुलांना दोन मिनिटे तेथे थांबवायला हवे होते, असे वाटले. मी थांबवले नाही, कारण सहलीत सांगणारे परके काका कोणालाच नको असतात. जाणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र करावी : साप्ताहिक सुट्टीचा वार आणि वेळा आधी विचारून घ्याव्यात, नाहीतर बंद दार पाहून परतावे लागेल.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा आणि ते गादीवर आले १९०९ साली. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे कट्टर प्रचारक अशी त्यांची ओळख आहे. आज जगभर सूर्यनमस्कार घातले जातात, त्या प्रसारामागे या राजाचा वाटा मोठा आहे, आणि संस्थानातल्या शाळांतल्या मुलांना तर ते घालावेच लागत. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, तेव्हा १९१८ मध्ये त्यांनी एक लाख रुपयांची देणगी जाहीर केली. त्या काळच्या एक लाखाचे मोल लक्षात घेतले आणि हे संस्थान किती चिमुकले होते हेही आठवले, म्हणजे या माणसाच्या मनाचा अंदाज येतो. बेळगावातली जागा सोडावी लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी कुंडल स्टेशनजवळचे निवडुंगाचे माळरान १९१० साली याच संस्थानाने दिले आणि तेथे किर्लोस्करवाडी वसली. ओगल्यांचा काचेचा कारखाना कराडजवळ याच संस्थानाच्या आश्रयाने उभा राहिला. लाहोर सोडावे लागलेल्या पंडित सातवळेकरांनी औंधला येऊन स्वाध्याय मंडळ चालवले आणि वेदांची प्रकाशने येथून देशभर जाऊ लागली. साने गुरुजी काही काळ येथल्या शाळेत होते, गदिमाही याच गावात शिकले. एवढ्याशा गावात इतकी माणसे आली, याचे कारण योगायोग नव्हे. राजा कामाच्या माणसाला ओळखत होता आणि ओळखल्यावर हात आखडता घेत नव्हता.

मला स्वतःला सर्वांत अधिक विचार करायला लावते ती त्यांची शेवटची गोष्ट. १९३८ च्या अखेरीस, सत्तरीतल्या या राजाने राज्याचा कारभार प्रजेच्या हाती सोपवण्याचे जाहीर केले आणि जानेवारी १९३९ मध्ये तशी राज्यघटना अमलात आणली. राजपुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन हे त्यामागे होते आणि घटनेला आकार देताना महात्मा गांधींचा सल्ला घेतलेला होता. औंध, आटपाडी, कुंडल आणि आज कर्नाटकात असलेले गुणदाळ असे एकमेकांपासून तुटलेले तालुके, त्यांतली बहात्तर गावे, आणि सारा डोलारा गावपंचायतीच्या पायावर. पंचायतीतून तालुका, तालुक्यातून विधिमंडळ, अशी ती रचना होती. मतदाराला लिहिता-वाचता आले पाहिजे, ही अट गांधीजींच्या आग्रहाने घातली गेली. आज ती अट आपल्याला खटकते, मलाही खटकली. परंतु तिच्यामुळे गावोगाव रात्री कंदील लावून प्रौढांचे वर्ग भरू लागले, हेही नाकारता येत नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर या नावाची, भिंती नसलेल्या तुरुंगाची वसाहत याच काळातली, आणि त्या कल्पनेवर गदिमांनी पुढे चित्रपटाची कथा लिहिली. भारतातली शेकडो संस्थाने हक्क कसे टिकवावेत या विवंचनेत होती, त्या दिवसांत हे घडले आणि तरीही आपल्या शालेय पुस्तकांनी याची फारशी दखल घेतली नाही, याबद्दल माझी तक्रार आहे. टेकडीवरून दिसणाऱ्या त्या हातभर गावाला या गोष्टीचा जो अभिमान असायला हवा, त्याचे चिन्ह मला चौकातल्या एखाद्या फलकावरही दिसले नाही.

दुपारी खाली उतरलो तेव्हा भूक सपाटून लागलेली होती. बाजारपेठेतल्या एका खाणावळीत पिठले, शाळूची भाकरी, मटकीची उसळ, ठेचा आणि कांदा असे जेवण मिळाले. भाकरी तव्यावरून थेट ताटात येत होती, त्यामुळे आत्याने नेहमीपेक्षा एक अधिक खाल्ली आणि वाढणाऱ्या बाईंना पिठाची जात विचारली. त्या बाई म्हणाल्या, “आमच्याच रानातला शाळू हाय आक्का, औंदा बरा आला.” त्यानंतर त्या दोघींमध्ये पाऊस, कडब्याचा भाव आणि लेकीसुनांची नोकरी या विषयांवर जे बोलणे झाले, त्यात मला जागा नव्हती, मी ताक पीत ऐकत राहिलो.

उन्हे कलल्यावर राजवाड्याच्या बाजूने चक्कर मारली. वाडा मोठा आहे, पण डोळे दिपवणारा नाही. दगडी जोते, लाकडी खांब, कोनाडे आणि ऐसपैस चौक अशी ही देशावरची सरदारी बांधणी आहे. काही भाग जुना होऊन खचतो आहे आणि त्याची डागडुजी व्हायला हवी, हे सांगायला स्थापत्यशास्त्रज्ञ लागत नाही. गावातल्या यमाईच्या देवळापुढची दीपमाळ मात्र खडखडीत उभी आहे. तिच्या पायथ्याशी उभे राहून वर पाहिले की मान अवघडते. आत्या ओट्यावर बसली, शेजारच्या आजींशी तिची लगेच ओळख निघाली आणि त्यांचे कूळ व आमचे कूळ कोठे तरी साखरपुड्याच्या अंतरावर येऊन मिळते, असा शोध लागला.

त्या आजींनीच औंधच्या संगीत उत्सवाची आठवण करून दिली. अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतूबुवा, हे या संस्थानचे गायक. त्यांनी आपले गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये हा उत्सव सुरू केला आणि त्यांचे पुत्र गजाननबुवा जोशी यांनी तो पुढे नेला. गजाननबुवांचा गळा आणि व्हायोलिन या दोन्हींवर सारखाच अधिकार होता, आणि ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तीन घराण्यांची विद्या त्यांनी आत्मसात केलेली होती. त्यांच्या शिष्यांमुळे मुंबई-पुण्याचे मोठे गायक या आडगावी हजेरी लावतात आणि मुख्य म्हणजे त्यात मानाचा भाग जास्त, बिदागीचा कमी असतो. आश्विन वद्य पंचमीला हे गाणे होते. कोजागरी आणि दिवाळी यांच्या मधले हे दिवस, हवेत नुकता गारवा आलेला असतो, आणि मुक्कामाच्या सोयी औंधमध्ये बेताच्याच असल्यामुळे येणाऱ्याने आपली व्यवस्था अगोदर करावी लागते. त्या आजींनी आत्याला त्यांच्या पडवीत झोपायला जागा देऊ केली आहे. मला मात्र त्यांनी अंथरूण-पांघरूण घेऊन येण्यास बजावले आहे.