बोटांवरचा डाग

गेल्या आठवड्यापासून दुकानात येणारं प्रत्येक गिऱ्हाईक माझ्या उजव्या हाताकडे बघतंय. अंगठा आणि शेजारची दोन बोटं गडद तपकिरी, कडेला पिवळट. गोळ्यांची स्ट्रिप कापून देताना हात लपवणार कुठे? कुणी विचारतं, ‘मेंदी का?’ कुणी म्हणतं, ‘आयोडीन सांडलं वाटतं.’ दोघांनाही मी हो म्हणून टाकते. खरं उत्तर द्यायला पाच मिनिटं लागतात आणि काउंटरवर गर्दी असते, म्हणून ते इथे लिहिते.

चिपळूणपासून जवळच आमची चार भातखाचरं आहेत. लावणी उरकली की दुकान बंद करून आल्यावर मी विजेरी घेऊन बांधावर फेरी मारते. पाणी कुठे फुटलंय का बघायला जाते, असं सासूबाईंना सांगते. त्या दिवशी एका कोपऱ्यात खरंच पाणी झिरपत होतं. खेकड्याचं बीळ असणार म्हणून चपटा दगड उचलला, तर खाली पाच-सहा भुंगेरे एकमेकांना चिकटून बसलेले. काळे पंख, त्यांवर नारिंगी-पिवळे ठसे, डोकं आणि पायही पिवळे. उजेड पडताच सगळे सैरावैरा पळाले. मी एकाला चिमटीत धरलं.

फट्!

आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला. पाठोपाठ फोडणीचा थेंब उडावा तसा चटका, धुराचा एक बारीक झोत आणि नाकात झोंबणारा वास. भुंगेरा कधीच निसटला होता. शेजारच्या बांधावरून काकी ओरडल्या, ‘वयनी, त्याला कशाला हो धरलात? पादतो तो मेला!’

मी मात्र वेगळ्याच काळजीत. माझं माहेर शिरूरकडचं. तिकडे बाजरी फुलोऱ्यात आली की कणसांवर हिंगे बसतात, तेही काळे-नारिंगीच. हिंग्याच्या अंगात कॅन्थरायडिन असतं आणि ते कातडीला लागलं की टरटरून फोड येतो, हे माहेरी पाहिलेलं आणि पुढे बी. फार्मला पाठ केलेलं. त्यामुळे हा हिंगाच, असं मनात पक्कं झालं. मलम लावून झोपले. फोटो टाकला त्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही दोघांनी ‘हिंगा’ असंच सांगितलं.

सकाळी फोड नव्हता, बोटं तपकिरी झाली होती. साबण झाला, लिंबू झालं, स्पिरिट झालं, डाग हलेना. हिंगा फोड आणतो, रंगवत नाही. ओळख चुकल्याचा पहिला पुरावा असा माझ्याच कातडीवर होता.

दुसऱ्या संध्याकाळी गोळ्यांची रिकामी प्लास्टिकची बरणी घेऊन गेले आणि काडीने ढकलून एकाला आत घेतलं. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवला की किडा सुस्तावतो आणि नीट बघता येतो. (घरच्या फ्रिजमध्ये. दुकानातल्या फ्रिजमध्ये इन्सुलिन असतं.) मग भिंगाखाली पायांची पेरं मोजली. हिंग्याच्या पुढच्या चार पायांच्या पंजांना पाच-पाच पेरं असतात आणि मागच्या दोन पायांना चारच. याच्या सहाही पायांना पाच. इथेच हिंगा बाद झाला. नंतर बाकीचं दिसत गेलं. हिंग्याचं डोकं बारीक मानेवर खाली वाकलेलं असतं, याचं पुढे रोखलेलं, जबडे समोर. हिंग्याचे पंख मऊसर, याचे कडक आणि पन्हाळी पत्र्यासारखे उभ्या कंगोऱ्यांचे. छातीवरची ढाल पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची. आणि पंख मागे सरळ कापलेले, तोकड्या सदऱ्यातून पोट दिसावं तसं शेवटचं टोक बाहेर.

त्या तोकड्या सदऱ्यावरून घराणं लागलं. हा जमिनीवर धावणाऱ्या भुंगेऱ्यांपैकी, म्हणजे कॅराबिड कुळातला बॉम्बार्डियर, पोटाच्या टोकातून गरम फवारा मारणारा. वंश फेरोप्सोफस. पोटाचं टोक चहूकडे वळवता यावं म्हणून ते मोकळं. पुढचा पाय कुणी पकडला तर पोटाखालून पुढे, पाठीवर काही चढलं तर वर, असा नेम तो धरतो. थॉमस आइस्नर आणि डॅनियल अनेशान्स्ली या शास्त्रज्ञांनी याच्याच आफ्रिकी भाऊबंदाचे असे फोटो काढलेत. वंशाच्या पुढे प्रजातीपर्यंत जायचं तर पंखांवरच्या ठशांवर भिस्त ठेवता येत नाही, ते एकाच प्रजातीत लहानमोठे होतात. नर मारून त्याची जननेंद्रियं सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागतात. ते मी करणार नाही. माझ्या वहीत ‘फेरोप्सोफस’ एवढंच आहे.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. याच्या पोटातल्या पिशवीत दोन द्रव्यं एकत्र असतात, हायड्रोजन पेरॉक्साइड आणि हायड्रोक्विनोन. वाचताना मी मान वर करून दुकानातल्या फळीकडे बघितलं. दोन्ही माझ्याकडे आहेत! पेरॉक्साइड जखम धुवायच्या बाटलीत, ६ टक्के. हायड्रोक्विनोन चेहऱ्यावरचे वांग घालवायच्या क्रीममध्ये, २ किंवा ४ टक्के. भुंगेऱ्याकडचा माल मात्र कितीतरी कडक, त्याचं पेरॉक्साइड २५ टक्क्यांच्या आसपास असतं.

ही दोन्ही पिशवीत शांत असतात. धोका वाटला की भुंगेरा पिशवी आवळतो, झडप उघडते आणि मिश्रण पुढच्या जाड भिंतींच्या खोलीत जातं. तिथे कॅटालेज आणि पेरॉक्सिडेज ही विकरं तयार असतात. जखमेवर पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस येतो ना, तो आपल्या रक्तातल्या कॅटालेजमुळेच. तेच काम या टिचभर खोलीत एकदम होतं. ऑक्सिजनचा दाब तयार होतो, हायड्रोक्विनोनचं बेंझोक्विनोन होतं आणि उष्णता इतकी, की फवारा १०० अंशांवर बाहेर पडतो. तोही सलग नाही. १९९० साली मोजलं तेव्हा सेकंदाला सुमारे ५०० ठोके भरले. आपल्याला ऐकू येतं ते एकच ‘फट्’.

बेंझोक्विनोन कातडीला तपकिरी रंगवतं. म्हणजे ज्या द्रव्याने गिऱ्हाइकांचे डाग पुसट होतात, त्याच्यापासूनच माझा डाग झालेला. बोटांवर ठीक आहे, पण डोळ्यात उडालं तर चेष्टा नाही. लगेच भरपूर पाण्याने डोळा धुवा आणि डॉक्टरांकडे जा, माझ्याकडे थेंब मागायला येऊ नका.

हे दारूगोळ्याचं कोठार बांधावर हवं कशाला, हा काकींचा प्रश्न. खाचरात बेडकांची काय कमी? जपानमध्ये शिंजी सुगिउरा आणि ताकुया सातो यांनी तिथल्या फेरोप्सोफस जेसोएन्सिसला भेकांपुढे ठेवलं. भेकांनी गिळलं, पोटातून स्फोट ऐकू आला आणि ४३ टक्के भेकांनी १२ ते १०७ मिनिटांनी भुंगेरा ओकून टाकला. ओकलेले सगळे जिवंत! हा प्रयोग २०१८ मध्ये छापून आला. काकींना सांगितला तर पदर तोंडाला लावून हसत बसल्या.

त्याच जपानी प्रजातीची अळी मातीत बोगदे करणाऱ्या, फावड्यासारख्या पायांच्या रातकिड्याची अंडी खाऊन वाढते. ओल्या मातीत त्याने केलेली अंड्यांची कोठी हीच अळीची खोली आणि तेच ताट. अमेरिकेत याच वंशाच्या आणखी एका प्रजातीचा, अशा रातकिड्यांचा बंदोबस्त होईल का म्हणून, अभ्यास झालाय. आमच्या बांधात तसले रातकिडे आहेत. रात्री त्यांची एकसुरी घरघर ऐकू येते.

रामसर या पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या वर्गवारीत भातखाचर ही पाणथळ जागा धरतात. आपल्याकडच्या २०१७ च्या पाणथळ नियमांनी भातशेती व्याख्येतून वगळलीये. वगळण्यामागे शेतकऱ्याची सोय आहे, हे मी शेतकऱ्याच्या घरात राहून समजू शकते. भुंगेऱ्याला दगडाखाली ओल लागते, तेवढी आमच्या बांधावर मिळते.

पाणी फुटलं होतं ते खेकड्याच्याच बिळातून. बीळ चिखलाने लिंपलं आणि दगड होता तिथे परत ठेवला.

काल दुपारी एक ताई वांगावरचं क्रीम मागायला आल्या. मी म्हटलं, हे चिठ्ठीशिवाय देत नाही, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी माझ्या बोटांकडे निरखून पाहिलं.

‘तुम्हालाच गुण आला नाही वाटतं,’ म्हणाल्या, आणि फक्त खोकल्याचं औषध घेऊन गेल्या.