30 तारखेपर्यंत

घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत जा, लिफ्टशेजारच्या फळ्यावर एखादी तरी इंग्रजी नोटीस असतेच. मीटिंगमध्ये भांडणं मराठीतून, नोटीस मात्र इंग्रजीतून. तरी लिहिणाऱ्याचं मराठी डोकं लपत नाही.

'पर्यंत'चंच बघा. '30 तारखेपर्यंत मेंटेनन्स भरा' आणि '30 तारखेपर्यंत लिफ्ट बंद राहील', आपलं दोन्हीकडे एकाच 'पर्यंत'वर भागतं. इंग्रजीचं भागत नाही. मुदत सांगायची तर 'बाय', आणि तोवर सतत चालू राहणाऱ्या गोष्टीला 'टिल'. 'पे टिल थर्टीएथ' म्हणजे 30 तारखेपर्यंत रोज भरतच राहा! सोसायटीच्या खजिनदाराला ते आवडेलही, पण त्याला म्हणायचं असतं 'पे बाय थर्टीएथ'.

'पासून'चीही तीच गत. 'लिफ्ट इज नॉट वर्किंग सिन्स टू डेज' हे वाक्य दोन ठिकाणी चुकतं. 'सिन्स'पुढे सुरुवात कधी झाली ते लागतं: सोमवार, 5 तारीख, सकाळ. किती काळ हे सांगायला 'फॉर'. शिवाय बिघाड अजून चालू आहे, म्हणून 'इज' जाऊन 'हॅज नॉट बीन वर्किंग' येतं.

'डिस्कस अबाउट'मधला 'अबाउट' आपल्या 'विषयी'च्या सवयीने येतो, तो काढा. 'रिक्वेस्टेड टू काइंडली'मध्ये विनंती दोनदा होते. एवढी नम्रता कशाला, खाली दंडाची रक्कम असतेच. 'रिव्हर्ट' म्हणजे उत्तर देणं हे आपल्याकडे चालून जातं, पण लंडनच्या माणसाला मेलमध्ये 'रिप्लाय'च लिहावं. त्याच्या लेखी 'रिव्हर्ट' म्हणजे पूर्वीच्या स्थितीला परत जाणं. आणि 'डू द नीडफुल', म्हणजे 'आवश्यक ते करा', ही जुनी साहेबी इंग्रजी, चूक नव्हे. पण टाकी धुताना नळ बंद ठेवायचा की पाणी भरून ठेवायचं, हे त्यातून कोणाला कळणार?

एक शब्द मात्र गाळू नये: वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस '14 क्लिअर डेज' आधी द्यायची असते, त्यातला 'क्लिअर'. त्याने नोटिशीचा आणि सभेचा, असे दोन्ही दिवस मोजणीतून जातात. सभा 30 सप्टेंबरला असेल तर नोटीस उशिरात उशिरा 15 तारखेला निघायला हवी. 16ला निघाली की मधे 13च दिवस उरतात, आणि ते बोटांवर मोजणारे एक काका प्रत्येक विंगमध्ये असतात.