डोंगर पेटला की डेअरीचा काटा वहिनीकडं

संक्रांत झाली की साताऱ्याजवळच्या आमच्या परळी खोऱ्यातलं गवत वाळायला लागतं आणि माझं अर्धं लक्ष समोरच्या डोंगरावर जातं. मी गावात दूध संकलन केंद्र चालवतो. फॅट लावायची, लिटर लिहायचे, कॅन गाडीत चढवायचे. वणवा बहुतेक नेमका संध्याकाळच्या धारांच्या वेळेला दिसतो. ग्रुपवर ‘वरच्या सड्याला धूर’ (सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं पठार) एवढं आलं की काटा वहिनीच्या ताब्यात आणि आम्ही पोरं वर. वहिनी दूध सांभाळते म्हणून मी वर जाऊ शकतो, हे आधी सांगितलंच पाहिजे.

आमच्यात नोकरीतला अग्निशामक कुणीच नाही. एक गवंडी, एक वडापचा ड्रायव्हर, दोन कॉलेजची पोरं, आणि वनरक्षक साहेब. साताऱ्याहून बंब निघाला तरी तो डांबरी सडकेपाशी थांबणार. पुढं पायवाट, कातळ आणि घसारा. त्यामुळं आमची हत्यारं म्हणजे निरगुडीच्या ओल्या फांद्या, कोयता, पाठीवरचा फवारणी पंप आणि वनखात्याचा एक ब्लोअर, म्हणजे हवेचा जोरदार झोत सोडणारं यंत्र. पंपातलं पंधरा-सोळा लिटर पाणी ज्वाळांवर उधळायचं नसतं. ते मागं धुमसणाऱ्या बुंध्यांसाठी राखून ठेवायचं. अंगात सुती कपडे, कारण नायलॉन वितळून कातडीला चिकटतो.

नवीन पोराला मी पहिल्यांदा एकच गोष्ट शिकवतो: आगीच्या वर कधी उभं राहायचं नाही. चढावर आग पळते, कारण तिची धग वरच्या गवताला आधीच तापवून ठेवते. आपण बाजूनं जायचं, जळून काळ्या झालेल्या जमिनीवर पाय ठेवून, आणि कडेकडेनं झोडपत पुढं सरकायचं. वर सड्यावर चाळकेवाडीच्या पवनचक्क्या आहेत. त्यांचं तोंड कुठं वळलंय ते बघितलं की वरचा वारा कुठून येतोय ते कळतं. सूर्य बुडाल्यावर उतारावरचा वारा बहुधा उलटतो आणि वरून खाली वाहायला लागतो. चढणारी आग तेव्हा जरा दमते. आमचं खरं काम त्याच वेळेला होतं, विजेरीच्या उजेडात.

ज्वाळा गेल्या म्हणजे वणवा विझला असं लोकांना वाटतं. फोटो निघतात, निम्मी माणसं उतरतात. पण वाळलेली शेणं आणि जुने बुंधे आतल्या आत तासन्‌तास धुमसत राहतात. पहाटेच्या एका झुळकेनं ठिणगी पलीकडच्या गवतात पडली की सगळी रात्र वाया. म्हणून दोघं-तिघं मागं थांबतात. हातात गूळ-शेंगदाणे, पायाखाली गरम राख. एकेक बुंधा उकरायचा, पाणी टाकायचं, हाताची पालथी बाजू जवळ नेऊन धग बघायची. कंटाळवाणं काम आहे. मला सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

आणि जळालेल्या जागेत फिरताना जे दिसतं ते विसरता येत नाही. भुईवर घरटं करणाऱ्या पाखरांची काळी पडलेली अंडी, भाजलेली घोरपड, पावसाळ्यात उगवलेली गुडघ्याएवढी जांभळाची रोपं, नुसत्या काड्या झालेली. वळवाचा पाऊस आला की राखेबरोबर मातीही ओढ्यानं खाली उतरते, उरमोडी नदीच्या पाण्यात.

हे सगळं कुणीतरी लावलेलं असतं. कधी बांध जाळताना हाताबाहेर गेलेलं, कधी मुद्दाम. राखीव वनात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे, पण कायद्याचं नाव काढलं की माणूस गप्प बसतो आणि पुढच्या वर्षी अंधारात काडी ओढतो. आमच्या आळीतले एक आण्णा मला म्हणाले, “आरं, जाळल्याबिगर नवं गवात फुटतंय व्हय?” मी त्यांना म्हटलं, “आण्णा, फुटतंय ते कोणतं गवत, ते बघायला माझ्याबरोबर चला.” दरवर्षी जळणाऱ्या उतारावर कुसळीच माजली होती. कुसळीचं बी पीळ खात मातीत घुसतं, त्यामुळं आग त्याच्यावरून निघून जाते. न जळलेल्या अंगाला पवन्या आणि मारवेल होतं, जे गुरं आवडीनं खातात. आण्णांची म्हैस माझ्याच डेअरीला दूध देते. कुसळं टोचून जनावराचं तोंड कसं सोलतं, ते त्यांना मी सांगायची गरज नव्हती. ते बराच वेळ दोन्हीकडचं गवत उपटून बघत राहिले. “मारवेल आमच्या बाच्या टायमाला हितं सगळीकडं हुतं,” एवढंच बोलले.

त्या उतारावर औंदा अजून आग लागलेली नाही. आण्णांनी पोरांना काय सांगितलं ते मी विचारलेलं नाही.

शिवरात्रीच्या आत पायवाटेच्या दोन्ही अंगांनी गवत कापून पट्टा मोकळा करायचाय, म्हणजे आग तिथं अडेल. रविवारी सकाळचं दूध गेलं की निघू. साताऱ्यातून कुणी येणार असाल तर विळा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट, बूट आणि पाण्याच्या दोन बाटल्या आणा. जेवण वहिनीकडं.