तुम्ही विचारलंत म्हणून: एका इनिंगच्या पिचरसाठी चार पोरं?

जुलै संपत आला की बेसबॉलमध्ये ट्रेडची, म्हणजे क्लबांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, घाई सुरू होते, आणि क्रिकेटवर वाढलेल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो. ‘शेवटची एक इनिंग टाकणारा रिलीव्हर (मध्येच बदली येणारा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा), म्हणजे आपला विसाव्या षटकाचा बोलर. त्याच्यासाठी मायनर लीगमधली (मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांतली) तीन-चार होतकरू पोरं देऊन टाकायची?’

शंका रास्त आहे. हंगाम १६२ सामन्यांचा. चांगला क्लोजर (सामना संपवायला येणारा रिलीव्हर) त्यात साठ-पासष्ट इनिंग टाकतो. ३१ जुलैला घेतला तर उरतात वीस-पंचवीस, म्हणजे इनिंगला तीन बाद धरून साठ-सत्तर बाद. संघाला वर्षाला साधारण साडेचौदाशे इनिंग टाकाव्या लागतात, त्यात हे चिमूटभर. पण ऑक्टोबरातल्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, मध्ये सुट्टीचे दिवस असतात, त्यामुळे तोच माणूस जवळजवळ प्रत्येक अटीतटीच्या सामन्यात आणता येतो. २०१६ च्या प्लेऑफमध्ये क्लीव्हलंडच्या अँड्र्यू मिलरने १९⅓ इनिंग टाकल्या आणि ३० जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केलं. किंमत मोजली जाते ती त्या एका महिन्याची.

मी आधी बघतो ते करार कधी संपतो ते. मेजर लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडू क्लबच्या ताब्यात असतो. १७२ दिवस भरले की एक वर्ष धरतात. याच हिवाळ्यात मोकळा होणारा पिचर म्हणजे भाड्याचं घर. त्यातही एक गोम आहे. हंगामाच्या मध्ये घेतलेल्या खेळाडूला क्वालिफाइंग ऑफर (एका वर्षाच्या ठरावीक रकमेच्या कराराचा प्रस्ताव) देता येत नाही, म्हणून तो निघून गेला की बदल्यात ड्राफ्टचा, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचा, क्रमांकही मिळत नाही.

आता सगळ्यांच्या तोंडी असलेलं उदाहरण. ऑगस्ट १९९० च्या अखेरीस बोस्टन रेड सॉक्सने ३७ वर्षांचा लॅरी अँडरसन घेतला आणि ह्यूस्टनला जेफ बॅगवेल दिला. अँडरसन हिवाळ्यात सॅन डिएगोला गेला. बॅगवेलने ह्यूस्टनसाठी ४४९ होम रन (षटकारासारखे कुंपणापार फटके) मारले, १९९४ ला तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०१७ ला हॉल ऑफ फेममध्ये गेला. तेव्हापासून बोस्टनला वेड्यात काढायची रीत पडली आहे.

मला वाटतं, शिव्या चुकीच्या जागी पडतात. अँडरसनने १५ सामन्यांत २२ इनिंग टाकल्या, ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावरच्या धावा; कमी तितका चांगला) १.२३. बोस्टनने विभाग जिंकला तो अवघ्या दोन सामन्यांच्या फरकाने. पुढे प्लेऑफच्या मालिकेत ओकलंडने ४-० असं धुतलं, तो भाग वेगळा; ज्या कामाला आणला ते काम त्याने केलं. चूक झाली ती पोर जोखताना. २२ वर्षांचा बॅगवेल डबल-एला (मायनर लीगची एक पायरी) न्यू ब्रिटनमध्ये .३३३ ने (दर तीन प्रयत्नांत एक यशस्वी फटका) मारत होता, ३४ डबल (दुसऱ्या बेसपर्यंत नेणारे फटके) होते, पण होम रन फक्त ४. मैदान मोठं होतं. अशा मैदानावर कुंपणाला लागणारे फटके दुसरीकडे कुंपणापार जातात, हे डबलच्या आकड्यातच लिहिलेलं असतं. शिवाय तो तिसऱ्या बेसचा क्षेत्ररक्षक. तिथे बोस्टनकडे वेड बॉग्ज होता आणि त्याच्यामागे स्कॉट कूपर तयार होत होता. ‘जागा नाही’ म्हणून पोर गेलं. ह्यूस्टनने त्याला पहिल्या बेसवर उभं केलं आणि १९९१ मध्येच तो सर्वोत्तम नवोदित ठरला.

जागा नसताना देणं प्रत्येक वेळी चूक असतंच असं नाही. जुलै २०१६ ला शिकागो कब्जने अरोल्डिस चॅपमनसाठी यँकीजला १९ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ग्लेबर टोरेस आणि आणखी तिघे दिले, तेही जेमतेम तीन महिन्यांच्या करारासाठी. कब्जकडे शॉर्टस्टॉपला अॅडिसन रसेल होता, हाताशी हाविएर बाएझ. टोरेसने २०१९ ला ३८ होम रन मारले. कब्जने १०८ वर्षांनी वर्ल्ड सीरीज, म्हणजे अंतिम मालिका, जिंकली. हा सौदा मी दहा वेळा करेन. अर्थात चॅपमनने त्याच हंगामात घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात ३० सामन्यांची बंदी भोगली होती. ते ज्याने त्याने आपल्या मनाशी मांडावं.

यात एक छुपा खर्चही होता. वर्ल्ड सीरीजच्या पाचव्या सामन्यात चॅपमनला ४२ चेंडू टाकायला लावले, सहाव्यात २०. सातव्यात तो आला तेव्हा वेग उतरलेला होता. क्लीव्हलंडच्या राजाई डेव्हिसने दोन धावांचा होम रन ठोकून ६-६ अशी बरोबरी केली. सामना दहाव्या इनिंगमध्ये ८-७ असा वाचला, नाहीतर हाच सौदा आज बॅगवेलच्या शेजारी बसला असता.

पिचर निवडताना सेव्ह (आघाडी राखून संपवलेले सामने) मोजू नका. सिअ‍ॅटलने १९९७ ला बोस्टनकडून हीथक्लिफ स्लोकम्ब घेतला तेव्हा त्याच्या नावावर १७ सेव्ह होते. शिवाय शून्य विजय, पाच पराभव आणि ईआरए ५.७९. बदल्यात गेले जेसन व्हॅरिटेक आणि डेरेक लो, २००४ च्या विजेत्या बोस्टनचे दोन खांब. तीस-चाळीस इनिंगमध्ये ईआरए दोन वाईट संध्याकाळींनी बिघडतो, तसाच नशिबाने सुधारतोही. स्ट्राइकआउटच्या टक्क्यांतून वॉकचे (चार चुकीच्या चेंडूंवर फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) टक्के वजा करा, ते जास्त खरं बोलतात.

ट्रेडमध्ये दिलेल्या पोरांतली तिसरी-चौथी नावं बऱ्याचदा वाटतात तेवढी महाग नसतात. वयाच्या १८ व्या वर्षी किंवा त्याआधी करार झालेल्या पोराला साधारण पाच हंगामांनी आणि उशिरा झालेल्याला चार हंगामांनी क्लबच्या ४० जणांच्या मुख्य यादीत घ्यावं लागतं, नाहीतर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये दुसरा क्लब त्याला एक लाख डॉलरमध्ये उचलतो. ज्यांना यादीत जागा नाही, ती पोरं जुलैत ट्रेडमध्ये सरकवली जातात.

अलीकडचा वाद मेसन मिलरचा. जुलै २०२५ ला सॅन डिएगो पाड्रेसने त्याच्यासाठी अॅथलेटिक्सला १८ वर्षांचा शॉर्टस्टॉप लिओ डी व्रीस आणि तीन पिचर दिले. मिलर २०२९ पर्यंत ताब्यात, म्हणजे भाड्याचं घर नव्हे. पण चेंडू ताशी १०० मैलांच्या वर जातो, आणि २०२३ मध्ये कोपराच्या दुखण्याने त्याचा बराचसा हंगाम गेला होता. म्हणून सव्वाचारऐवजी मी तीन हंगाम धरतो. तीन धरले तर डी व्रीस एकटा पुरे होता, तिघे पिचर जास्तीचे गेले. सोबत जेपी सियर्स हा स्टार्टर (सामना सुरू करणारा पिचर) मिळाला, म्हणून त्यातला एक माफ.