ताईचं बीपी

आज ताईला बळेबळेच डॉक्टरांकडे नेलं. वय ५२, पाळी जाऊन चार वर्षं झाली. जिना चढताना दम लागायचा, जबडा आणि पाठ दुखायची. विचारलं की म्हणायची, "अगं, ॲसिडिटी असेल, वय झालं आता."

बीपी निघालं १६०/१००. लगेच ईसीजी काढला, रक्त तपासायला दिलं. डॉक्टर म्हणाल्या, पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन घटतं, वाईट कोलेस्टेरॉल वाढतं, रक्तवाहिन्या कडक होऊ लागतात. आणि बायकांना छातीत कळ न येताही हार्ट अटॅक येऊ शकतो! हे आम्हाला आजवर कुणीच कसं सांगितलं नाही?

सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा हिला तोंडपाठ. स्वतःचं बीपी मात्र बाळंतपणानंतर आज पहिल्यांदा मोजलं.

रात्री जेवताना तिनं लोणच्याची वाटी स्वतःच बाजूला सारली. उद्या पुन्हा जायचंय, रिपोर्ट घ्यायला.