पॅटर्न तोच, मग पुस्तक नवीन कशाला?

कॉलेज सुरू झालं की आमच्या लायब्ररीच्या काउंटरवर दिवसभर एकच प्रश्न ऐकू येतो : "मॅडम, जुनी एडिशन चालेल ना?" मी तालुक्याच्या गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ग्रंथपाल आहे. "चालेल, बिनधास्त ने," असं मला सांगता यायला हवं. पण ते ठरतं वर्गात. सरांनी पुस्तकाच्या नावापुढे "लेटेस्ट एडिशन" लिहिलं, की आमच्या कपाटातली धडधाकट पुस्तकं मुलं उघडून बघतात आणि परत ठेवून देतात.

अभ्यासक्रम बदलण्याबद्दल माझी तक्रार नाही. पुणे विद्यापीठाच्या इंजिनिअरिंगला २०१२, २०१५, २०१९ आणि २०२४ असे पॅटर्न, म्हणजे अभ्यासक्रमाचे नवे आराखडे, आले. विषय पुढे जातात, ते शिकवायलाच हवेत. कायद्याच्या मुलांचंच बघा. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. त्यानंतर फौजदारी कायद्याचं जुनं पुस्तक कुणी लावूच नये. माझं म्हणणं आहे ते पॅटर्न तोच असताना दर वर्षी येणाऱ्या नव्या आवृत्त्यांबद्दल.

मागच्या वर्षी मी एम-थ्रीच्या, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या, एका पुस्तकाच्या लागोपाठच्या दोन आवृत्त्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि पानापानाने ताडून बघितल्या. लिनिअर डिफरन्शियल इक्वेशन्स, ट्रान्सफॉर्म्स, स्टॅटिस्टिक्स, व्हेक्टर कॅल्क्युलस : युनिट तीच, क्रम तोच. सिद्धता शब्दशः त्याच. एका सोडवलेल्या उदाहरणात छपाईची चूक होती, चिन्ह उलटं पडलं होतं. ती नव्या आवृत्तीतही जशीच्या तशी होती. बदललं काय, तर मुखपृष्ठ, किंमत, शेवटी जोडलेल्या विद्यापीठाच्या ताज्या प्रश्नपत्रिका आणि स्वाध्यायातल्या उदाहरणांचे क्रमांक. हे क्रमांकच मुलांना नडतात. सर फळ्यावर लिहितात, "पान अमुक, गणित सातवं", आणि जुनं पुस्तक असलेल्या मुलाच्या सातव्या गणितात दुसरंच काहीतरी असतं. दोन-तीन वेळा असं झालं की तो गपचूप नवीन पुस्तक घेतो. ज्याच्या नावाचा ट्रान्सफॉर्म या पुस्तकात शिकवतात, तो फ्रेंच गणिती लाप्लास १८२७ साली गेला. त्याच्या ट्रान्सफॉर्ममध्ये गेल्या जूनपासून या जूनपर्यंत असं काय बदललं, हे मला कुणीतरी सांगावं.

एका पुस्तकाचे पैसे किरकोळ वाटतात. पण एका सेमिस्टरला पाच विषय आणि वर्षाला दोन सेमिस्टर. आमच्याकडे येणारी बरीच मुलं शेतकऱ्यांची, ऊसतोड करणाऱ्यांची, एमआयडीसीत रोजंदारीवर जाणाऱ्यांची आहेत. त्यांचं शिक्षण सिनिअरच्या पुस्तकांवर चालतं. सिनिअरने ज्युनिअरला अर्ध्या किमतीत द्यायचं, ज्युनिअरने पुढच्याला. पुण्याला कुणी जाणार असेल तर त्याच्याकडे अप्पा बळवंत चौकातल्या जुन्या पुस्तकांची यादी द्यायची. नवी आवृत्ती सक्तीची झाली की ही साखळी तुटते. सिनिअरचं पुस्तक विकलं जात नाही, म्हणून त्याच्याकडे पुढच्या वर्षाच्या पुस्तकांना पैसे नसतात.

सरकारलाही हे माहीत आहे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची बुक बँक योजना होती. तिच्या नियमांत दोन विद्यार्थ्यांत एक संच आणि संचाचं आयुष्य तीन वर्षं धरलेलं होतं. तीन वर्षं! जे पुस्तक दुसऱ्याच वर्षी वर्गात चालेनासं होतं, त्यावर असा हिशोब बसणार कसा? आणि निर्लेखनाच्या, म्हणजे लायब्ररीतून काढून टाकायच्या पुस्तकांच्या, यादीत कोरी करकरीत पुस्तकं घालून त्यावर सही करताना मला फार वाईट वाटतं.

आपल्याकडे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने पाठ्यपुस्तकं सुचवण्याचं काम अभ्यास मंडळांना, म्हणजे विद्यापीठातल्या विषयवार समित्यांना, दिलेलं आहे. म्हणजे अधिकार आहे, व्यासपीठ आहे. एकदा सुचवलेलं पुस्तक किती वर्षं चालवायचं, एवढंच तिथे ठरवून टाकायचं. अमेरिकेत पाठ्यपुस्तकांच्या किमती १९८६ ते २००४ या काळात १८६ टक्क्यांनी वाढल्या, त्याच काळात सर्वसाधारण महागाई ७२ टक्के होती. तिथे २००८ साली कायदा झाला आणि पुस्तकांबद्दलचा भाग जुलै २०१० पासून लागू झाला. प्रकाशकाने प्राध्यापकाला पुस्तकाची किंमत, आधीच्या तीन आवृत्त्यांची सालं आणि नव्या आवृत्तीत नेमकं काय बदललं हे सांगायचं. त्या कायद्याने आवृत्त्या काढायला बंदी घातली नाही. माझ्या मते आपण एक पाऊल पुढे जावं.

पॅटर्न लागू झाला त्या वर्षी सुचवलेली आवृत्ती तो पॅटर्न संपेपर्यंत, बॅकलॉगवाल्यांच्या शेवटच्या परीक्षेपर्यंत, ग्राह्य धरावी. मध्येच आवृत्ती बदलायची असेल तर प्रकाशकाने बदलांचं एक पान द्यावं, आणि ते पान कॉलेजने नोटीस बोर्डावर लावावं. वर्गात गणित द्यायचं ते पूर्ण लिहून द्यावं, नुसत्या क्रमांकाने नको. या शेवटच्या गोष्टीला तर कुठल्या ठरावाचीही गरज नाही.

आमच्याच एका सरांनी मला विचारलं, "मॅडम, मशीन लर्निंगचं काय करणार? ते तर सहा महिन्यांत जुनं होतं." बरोबर आहे. अशा विषयांना सूट द्यावी, पण ती विषयाचं नाव घेऊन आणि कारण लिहून. गणित, मेकॅनिक्स, थर्मोडायनॅमिक्स यांनी त्या सुटीच्या आडून दर वर्षी नवं पुस्तक आणू नये.

अभ्यास मंडळाला द्यायच्या पत्राचा मसुदा मी केला आहे. त्याला त्या दोन आवृत्त्यांची पानं झेरॉक्स करून जोडली आहेत. तुम्ही ग्रंथपाल असाल तर तुमच्या कपाटातल्या कुठल्याही एका पुस्तकाच्या दोन आवृत्त्या अशाच ताडून बघा आणि काय सापडलं ते मला कळवा. मंडळाची पुढची बैठक व्हायच्या आत ते पत्राला जोडायचं आहे.